सतरा नंबरच्या पिंपातले सहा बलक

एकोणीस वर्षांत गिलेमने सासूला एकदाही 'नको' म्हटलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मादाम होनोरीनने त्याच्या ताटात बदकाची तिसरी तंगडी वाढली, तेव्हा तो पोट आवळून "हो, आई" म्हणाला, आणि ती सवय जी लागली ती लागलीच. "ट्रॅक्टर तुम्हीच चालवा, जावईबापू." हो, आई. "वेली छाटायला पहाटे सहालाच जात जा, थंडीत माणूस ताजा राहतो." हो, आई. त्याने आता सत्तेचाळिशी गाठली होती, डोक्यावरचे केस निम्म्यावर आले होते, पण सासूसमोर तो अजून काल लग्न झाल्यासारखा उभा राहायचा.

शातो म्हणजे खरं तर राजवाडा. पण बोर्दोच्या पंचक्रोशीत ज्याच्या दारात चार वेली आणि घरात एक पिंप आहे, तो आपल्या घराला शातोच म्हणतो. त्या हिशेबाने शातो त्रूक-लाझ बराच मोठा होता. अकरा एकर वेली, चोवीस पिंपं आणि एक सासू. त्रूक-लाझ म्हणजे गाढवटेकाड. बाटलीच्या लेबलवर टेकाडाचं चित्र होतं, गाढव नव्हतं. गाढव कुठे आहे, असं एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं की होनोरीन गिलेमकडे बघायची.

या घरात पाच पिढ्या मुलीच वारस होत्या आणि जावई बाहेरून यायचे. होनोरीनचा नवराही असाच आलेला. तो गेल्यापासून पिंपांच्या कोठीची किल्ली होनोरीनच्या कमरेला लटकत होती. वीतभर लांब, लोखंडी, दरवाजापेक्षाही जुनी वाटावी अशी. गिलेमला ती किल्ली हवी होती. मालकीसाठी नव्हे, मालकी बायकोकडे जाणार हे ठरलेलंच होतं. पण प्रत्येक वेल त्याने हाताने छाटायची, बांधायची, गारांच्या भीतीने आभाळाकडे बघत झोप घालवायची, आणि द्राक्षं कोठीच्या दारातून आत गेली की याचं काम संपलं. पुढे त्यांचं काय होतं हे याने पाहुण्यासारखं ताटावर बसून चाखायचं. ते त्याला फार लागायचं.

किल्लीवर डोळा ठेवून आणखी एक जण होता. होनोरीनच्या बहिणीचा मुलगा एदगार. तो शहरात राहायचा, वाइनशास्त्राची पदवी घेतलेला होता, आणि चिखलात येतानाही त्याचे बूट चकचकीत कसे राहतात हे कोडं गिलेमला सुटलेलं नव्हतं.

त्या वर्षी मार्चमध्ये होनोरीन चर्चच्या पायरीवर पडली. पाद्र्याशी वाद घालता घालता मागे सरकली म्हणे. पाद्री वाचला, होनोरीनचं उजवं मनगट मोडलं. आणि मार्च म्हणजे अंड्यांचा महिना.

लाल वाइन पिंपात दीड वर्ष मुरली तरी थोडी गढूळच असते. ती स्वच्छ करायला प्रत्येक पिंपात सहा अंड्यांचं पांढरं, चिमूटभर मीठ घालून, हलकं फेटून ओतायचं आणि ढवळायचं. ते पांढरं सगळा गाळ कवेत घेऊन सावकाश तळाशी बसतं, आणि दीड महिन्याने वरची निवळ वाइन काढून घ्यायची. उरलेले बलक स्वयंपाकघरात जायचे. सहा बलकांचे एक ताटभर कानले, म्हणजे छोटे केक, व्हायचे, अठरा नग, बाहेरून करपट कुरकुरीत, आत रमच्या वासाचे मऊ. चोवीस पिंपं, चोवीस ताटं. कुठलं ताट कुणाचं हेही ठरलेलं. पहिलं पाद्र्याचं, दुसरं महापौरांचं, पाचवं-सहावं शाळेचं, नववं पोस्टाच्या बाईचं. गावात वाइनचं पीक कसं आलं हे कुणी विचारत नसे. कानल्यांचं ताट आलं का, एवढंच विचारत. एक जरी ताट कमी पडलं असतं तर कुठल्या पिंपात अंडी कमी पडली याची चर्चा सलूनमध्ये झाली असती.

"जावईबापू," हात गळ्यात अडकवलेल्या होनोरीनने त्याला बोलावलं. "यंदा अंडी तुम्ही फोडायची. ईस्टर झाला की आपण वाइन काढू. चोवीसच्या चोवीस पिंपं काचेसारखी निघाली तर किल्लीचं बघू."

"हो, आई," गिलेम म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून म्हणाला.

शनिवारी दुपारी तो कोठीत शिरला. एकशे चव्वेचाळीस अंडी टोपल्यांत मांडलेली होती, गावातल्या युरसुलबाईंच्या कोंबड्यांची. प्रत्येक पिंपासाठी दोन वाडगी, एका वाडग्यात पांढरं, दुसऱ्यात बलक. बलकांचं वाडगं भरलं की दारातल्या फळीवर ठेवायचं, बायको सोलांज येऊन ते आत न्यायची आणि होनोरीन एका हाताने हुकूम सोडत तिच्याकडून कानले भाजून घ्यायची. काम इतकं सरळ होतं की गिलेमने सोबतीला रेडिओ लावला. रग्बीची मॅच होती. इथे जरा थांबून सांगायला हवं की फ्रेंच माणसाला शनिवारी रग्बीची मॅच ऐकू नको म्हणणं म्हणजे त्याला श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं आहे. त्यामुळे गिलेमला फार दोष देता येणार नाही. थोडा द्यावा लागेल.

सोळा पिंपं बिनबोभाट झाली. सतराव्याचं बूच काढून गिलेमने उजव्या हातात पांढऱ्याचं वाडगं घेतलं, डाव्या हातात बलकांचं. नेमका त्याच क्षणी आपल्या गड्याने चेंडू काखेत मारून पळायला सुरुवात केली. रेडिओवाला ओरडायला लागला. वीस मीटर, दहा मीटर. गिलेमने उजवा हात मूठ वळून हवेत उडवायचा म्हणून वाडगं खाली ठेवलं, हात उडवला, आणि आनंदाच्या भरात डावं वाडगं पिंपाच्या भोकात रिकामं केलं.

सहा बलक. गुळुक, गुळुक असा आवाजही आला.

गिलेम भोकात डोळा लावून बघत राहिला. आत काळोख होता. त्याने लांब दांड्याची पळी घातली, ढवळल्याशिवाय काढायचा प्रयत्न केला, तर एक बलक वर आला, त्याच्याकडे बघितल्यासारखं करून फुटला आणि नाहीसा झाला. मग त्याने जे डोक्यात आलं ते केलं. पांढरं गाळ खाली नेतं ना? मग बलकही नेईल. त्याने पांढरंही ओतलं, जोरात ढवळलं आणि बूच ठोकलं. पिंपाचं तोंड बंद झालं तशी त्याची अक्कल उघडली. फळीवर सतरावं वाडगं ठेवायचं होतं, आणि बलक तर पिंपात होते.

मागच्या दाराने तो सायकल काढून युरसुलबाईंकडे गेला. युरसुलबाई म्हणजे साठीची, ठणठणीत, आणि गावातली कुठलीही गोष्ट पोस्टाच्या आधी पोचवणारी.

"सहा अंडी हवीत," गिलेम धापा टाकत म्हणाला.

"एकशे चव्वेचाळीस दिली ना? फोडलीत की काय?"

"नाही, नाही. फोडली नाहीत." ती फोडण्यासाठीच घेतली होती हे त्याच्या मागाहून लक्षात आलं. "म्हणजे, मला खायला हवीत."

"तुम्हाला?" युरसुलबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुम्हाला अंड्याचा वास तरी चालतो का? तुमच्या लग्नात अंडं समोर आलं तेव्हा तुम्ही बाहेर जाऊन बसला होतात."

"आता आवडायला लागलीत."

"वयाने होतं असं," युरसुलबाई म्हणाल्या. "पण माझ्या कोंबड्या आज दमल्यात हो. घ्या, ही सहा आहेत, जरा मोठी आहेत. अंडं ते अंडं."

अंडी मोठी होती आणि किंचित निळसर होती. गिलेमला त्या क्षणी शहामृगाची दिली असती तरी चालली असती. परत येऊन त्याने बलक सतराव्या वाडग्यात घातले, फळीवर ठेवले, आणि उरलेलं पांढरं कुणाला दिसायला नको म्हणून तेही सतराव्या पिंपात ओतलं. आता त्या पिंपात सहा बलक आणि बारा अंड्यांचं पांढरं होतं, आणि वाइनही होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात चोवीस ताटं ओळीने लागली. सतराव्या ताटातले कानले बाकीच्यांपेक्षा टुमटुमीत फुगले होते आणि रंग केशरीकडे झुकत होता. होनोरीनने त्यातला एक उचलला, चावला, सावकाश खाल्ला. मग दुसरा उचलला.

"छान झालेत," ती म्हणाली. "जावईबापू, मॅच होती ना आज?"

"हो, आई."

"आणि काम व्यवस्थित झालं?"

"हो, आई."

"बरं," होनोरीन म्हणाली आणि तिसरा कानले उचलला. गिलेमला वाटलं, सुटलो.

सोमवारी रात्रीच्या जेवणाला त्याच्या ताटात तीन अंड्यांचं ऑम्लेट आलं. बाकी सगळ्यांना सूप होतं.

"युरसुल म्हणत होती काल चर्चमध्ये, तुम्हाला अंडी आवडायला लागलीत," होनोरीन म्हणाली. "मला बोलायचं ना. ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस, घरात मांस नाहीच, तेवढंच अंगी लागेल."

त्या ऑम्लेटचा वास गिलेमच्या नाकातून थेट लहानपणात गेला, जिथे एका सडक्या अंड्याने त्याचं आणि अंड्यांचं नातं कायमचं तोडलं होतं. त्याने श्वास रोखला, डोळे मिटले आणि खाल्लं.

"आणखी?"

"हो, आई."

मंगळवारी ऑम्लेट कांद्याचं होतं. बुधवारी बटाट्याचं. गुरुवारी नुसतंच, पण चार अंड्यांचं. होनोरीन प्लास्टरमधला हात बाजूला धरून डाव्या हाताने ते हवेत उलटवायची, आणि दर वेळी ते तव्यातच पडायचं, गिलेम मनातल्या मनात जमिनीवर पडण्याची प्रार्थना करत असला तरी. दुसऱ्या आठवड्यात युरसुलबाई सकाळी सकाळी स्वतः अंडी आणून द्यायला लागल्या, खास जावयासाठी म्हणून वेगळी बाजूला काढलेली. पोस्टाच्या बाईने वाटेत थांबवून अंड्याची एक पाककृती सांगितली. पाद्री प्रवचनात संयमाबद्दल बोलत होता तेव्हा दोन-तीन जणांनी वळून गिलेमकडे पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याने सोलांजला सगळं सांगितलं. ती गादीवर बसून हसत राहिली, इतकी की तिला उशीत तोंड खुपसावं लागलं.

"जा आणि आईला सांग," ती शेवटी म्हणाली.

"किल्ली जाईल."

"मग खा ऑम्लेट."

"तू सांगशील का?"

"मी? तिने मला वारस म्हणून ठेवलंय, हुतात्मा म्हणून नाही." सोलांजने दिवा मालवला. काळोखात ती पुन्हा एकदा हसली, मग गंभीर होऊन म्हणाली, "गिलेम, तिला तू घाबरतोस हे तिला आवडत नाही, माहीत आहे तुला?" गिलेमला ते पटलं नाही. ज्या माणसाला आपण घाबरतो त्याला ते आवडत नसेल, अशी शंका घाबरणाऱ्याला कधी येत नाही.

ईस्टर गेला. बुधवारी सकाळी एदगार आपल्या चकचकीत बुटांनिशी हजर झाला, कारण वाइन काढताना घरातला शिकलेला माणूस हवा, असं त्याचं त्यानेच ठरवलं होतं. होनोरीनचं प्लास्टर निघालं होतं. तिने मेणबत्ती पेटवली. प्रत्येक पिंपातून ग्लासभर वाइन काढायची, ज्योतीसमोर धरायची, आणि ज्योतीचं टोक स्वच्छ दिसलं की पिंप पास. गेली शंभर वर्षं असंच चाललं होतं.

"पहिल्यापासून ना?" होनोरीनने विचारलं.

"आज अठरापासून करू या, आई," गिलेम म्हणाला. "तिकडे उजेड बरा आहे."

"मेणबत्तीला उजेड लागतो होय," होनोरीन म्हणाली, पण अठराकडे वळली.

अठरा स्वच्छ. एकोणीस स्वच्छ. ज्योत माणकासारख्या लाल रंगात सरळ उभी दिसत होती. गिलेमला एका बाजूने अभिमान वाटत होता आणि दुसऱ्या बाजूने तो उरलेली पिंपं मोजत होता. चोवीसपर्यंत गेले, मग एकपासून सोळापर्यंत आले. एदगारने प्रत्येक घोट तोंडात घोळवून थुंकला आणि नाइलाजाने मान डोलावली. एकच पिंप राहिलं.

सतराव्याची वाइन ज्योतीसमोर धरली तेव्हा ज्योत दिसली, पण आजोबांच्या चष्म्यातून बघावी तशी. मधोमध धुकं होतं. होनोरीनने ग्लास नाकाशी नेला, चाखला आणि पुढे केला. एदगारने ग्लास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अंडी," तो म्हणाला. "मावशी, दहा वर्षं सांगतोय मी. त्या युरसुलच्या कोंबड्या उकिरड्यावर काय काय खातात देव जाणे. एक खराब अंडं आणि पिंप गेलं. शहरात सगळे पुडीतली भुकटी वापरतात. मोजायची, ओतायची, झालं. पुढच्या वर्षीपासून अंडी बंद करा."

"आणि कानले?"

"बेकरीतून आणायचे."

होनोरीन पिंपाला टेकून उभी राहिली. तिने कमरेची किल्ली सोडली आणि सतरा नंबरच्या पिंपावर ठेवली. लोखंड लाकडावर आपटल्याचा आवाज कोठीभर झाला.

"तेवीस पिंपं काचेसारखी निघालीत, जावईबापू. इतकं चोख काम माझ्या नवऱ्याच्या हातूनही झालं नव्हतं. किल्ली घ्या. फक्त एवढं सांगा, म्हणजे मला युरसुलला कळवता येईल. दोष अंड्यांचाच होता ना?"

किल्ली त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. 'हो, आई' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर एकोणीस वर्षं घोटून तयार होते. तोंड उघडलं की आपोआप बाहेर पडणार होते. युरसुलबाईंच्या कोंबड्यांना काय, त्यांना कुणी विचारायला जाणार नव्हतं. पण गिलेमला डोळ्यांसमोर शाळेतली पोरं दिसली, ताटाभोवती गोळा झालेली, आणि युरसुलबाई दिसल्या, त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली अंडी फडक्यात गुंडाळून आणणाऱ्या. त्याला स्वतःची लाज वाटली.

"नाही, आई," तो म्हणाला.

एदगारने मान वळवली.

"अंडी चांगली होती. सतराव्यात बलक मी ओतले. सहाच्या सहा. रेडिओ चालू होता, आपल्या गड्याने चेंडू रेषेपलीकडे टेकवून ट्राय मारला, मी हात उडवला, आणि माझा भलताच हात रिकामा झाला. मग मी त्यावर बारा अंड्यांचं पांढरं घातलं. कोंबड्यांचा काही संबंध नाही. किल्ली राहू द्या, पण युरसुलबाईंना काही कळवू नका."

एदगारच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. "बलक? पिंपात? मावशी, अहो हा माणूस..."

"तू थांब," होनोरीन म्हणाली. ती अजून गिलेमकडेच बघत होती. "मॅच जिंकलो का?"

"हरलो, आई. दोन गुणांनी."

"मग कशाला हात उडवलास?"

होनोरीनने एक लांब श्वास सोडला.

"त्या सहा अंड्यांचे कानले मी खाल्ले, गिलेम. बदकाची अंडी होती ती. साठ वर्षं मी कानले भाजतेय, बदकाचा बलक मला कळणार नाही? पहिल्या घासातच कळलं की एका वाडग्याचे बलक भलतीकडे गेलेत. म्हटलं, दोन दिवसांत सांगशील. मग म्हटलं, अंड्यांचा मारा करू, चौथ्या दिवशी तोंड उघडेल. तू तोंड उघडत होतास ते फक्त खायला. सहा आठवडे. युरसुलच्या कोंबड्या दमल्या, माझा डावा हात दमला, तू काही दमेनास."

"मला वाटलं तुम्ही प्रेमाने करताय," गिलेम म्हणाला.

"तेही होतंच थोडं," होनोरीन म्हणाली, आणि ते कबूल करावं लागल्याचा राग तिच्या चेहऱ्यावर दिसला. "हे बघ. पिंपं बोलत नाहीत. आत काय चुकलंय ते कोठीतल्या माणसानेच येऊन सांगायचं असतं. तू दीड महिना उशिरा सांगितलंस, पण किल्ली समोर असताना सांगितलंस. माझ्या नवऱ्याने एका वर्षी मीठ म्हणून साखर घातली होती, ते त्याने मला मरणाच्या आदल्या आठवड्यात सांगितलं." तिने किल्ली उचलली आणि त्याच्या हातात ठेवली. "ही घे. रेडिओ मात्र माझ्या खोलीत राहील. आणि सतरा नंबर विकायचं नाही. पुन्हा निवळू दे, मग आपल्याच टेबलावर प्यायचं. युरसुलला एक डझन बाटल्या पाठव, का ते सांगू नकोस."

किल्ली वाटली होती त्यापेक्षा जड होती. गिलेमने ती दोन्ही हातांनी धरली. मग तोंड वळवून तो पिंपाचं बूच तपासायला लागला, जे मुळी लावलेलंच नव्हतं.

दारात पोचल्यावर होनोरीन वळली. "मग रात्री ऑम्लेटच करू ना?"

"नको, आई," गिलेम म्हणाला.

म्हातारी हसली, दात दिसतील अशी, आणि हसता हसता तिने बरं झालेलं मनगट धरलं.

"पण युरसुलने सकाळीच सहा अंडी पाठवलीत. त्यांचं काय करू?"

"एदगारला द्या," गिलेम म्हणाला. "शहरात त्यांना भुकटीच मिळते."

रात्री टेबलावर बदक होतं, कारण ईस्टर झाला होता. एदगारच्या ताटात सहा अंड्यांचं ऑम्लेट होतं, कडेला लोंबणारं. तो ते निम्मं संपवून घाम पुसत होता तेव्हा होनोरीनने तवा पुढे केला.

"आणखी वाढू?"

एदगारने मावशीकडे पाहिलं, मग गिलेमच्या ताटाशेजारी ठेवलेल्या किल्लीकडे.

"हो, मावशी," तो म्हणाला.